हंसातील दूरची दीर्घिका : एका शोधाच्या नोंदी



भाद्रपद सरता सरता पावसाळी ढग विरळ होऊ लागले, की दिवेलागणीनंतर डोक्यावर, किंचित उत्तरेकडे, हंस तारकासमूह दिसू लागतो. अभिजित, श्रवण आणि हंसाच्या शेपटीतील तेजस्वी तारा यांचा मोठा त्रिकोण ध्यानात ठेवला, तर हा समूह ओळखणे मुळीच कठीण नाही. आकाशगंगेचा पांढुरका पट्टा याच भागातून जातो आणि पंख पसरलेला हंस त्या प्रवाहावरून दक्षिणेकडे निघाला आहे असा भास होतो. या हंसाच्या छातीशी जो तारा आहे, त्याच्या पश्चिमेस चारएक अंशांवर आकाशाचा एक लहानसा तुकडा असा आहे, की जेथे नुसत्या डोळ्यांना उल्लेखनीय असे काहीच दिसत नाही. साध्या दुर्बिणीतून पाहिले तर आकाशगंगेतील ताऱ्यांची दाटी तेवढी दिसते. परंतु त्या दाटीच्या फार फार पलीकडे, सुमारे ७५ कोटी प्रकाशवर्षांवर, एक प्रचंड लंबवर्तुळाकार दीर्घिका आहे. ज्योतिर्विद तिला ‘सिग्नस ए’ म्हणतात. मराठीत तिला ‘हंस-अ’ म्हणावयास हरकत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय हीच दीर्घिका होय.

७५ कोटी प्रकाशवर्षे हा आकडा उच्चारण्यास सोपा, पण मनात धरण्यास अवघड आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्ह्यापासून झाला, तो लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरला. हंस-अ दीर्घिकेचा जो प्रकाश आज पृथ्वीवर पोहोचतो, तो तेथून निघाला तेव्हा सह्याद्री तर नव्हताच. पण पृथ्वीच्या जमिनीवर एक झाडही नव्हते.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे गुरुत्वाकर्षणाने बांधलेले कुटुंब. आपली आकाशगंगा ही सर्पिल दीर्घिका आहे. तिच्या भुजांमध्ये वायू आणि धूळ यांचे साठे आहेत आणि तेथे नवे तारे अजूनही जन्मास येत असतात. लंबवर्तुळाकार दीर्घिकेचा प्रकार निराळा. तिला भुजा नसतात, थंड वायू फारसा उरलेला नसतो, आणि तिचे बहुतेक तारे वृद्ध, तांबूस वर्णाचे असतात. या प्रकारच्या सर्वांत मोठ्या दीर्घिका प्रायः दीर्घिकासमूहांच्या मध्यभागी आढळतात. शेकडो दीर्घिका एकमेकींच्या आकर्षणाने एकत्र राहतात. त्यांतील मधली दीर्घिका शेजारच्या लहान दीर्घिका गिळीत गिळीत वाढत जाते. हंस-अ ही अशाच एका समूहाची रहिवासी आहे. मात्र आकाशगंगेच्या धुळीचा पडदा मध्ये असल्यामुळे तिचे शेजारी दीर्घकाळ नीट मोजताच आले नव्हते. हा समूह चांगला समृद्ध आहे, हे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांनी दाखविले.

विशेष गोष्ट अशी, की या दीर्घिकेचा शोध प्रथम डोळ्यांनी लागला नाही. तिची चाहूल लागली ती रेडिओ लहरींतून. अमेरिकेतील व्हीटन या गावी ग्रोट रेबर नावाच्या तरुण अभियंत्याने १९३७ साली आपल्या घराच्या परसात, स्वतःच्या खर्चाने, सुमारे साडेनऊ मीटर व्यासाची रेडिओ-तबकडी उभारली होती. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींचे त्याने केलेले नकाशे १९४४ साली प्रसिद्ध झाले. त्यांत हंस तारकासमूहाच्या दिशेने लहरी अधिक तीव्रतेने येत असल्याचे स्पष्ट दिसत होते. परंतु त्या नेमक्या कोठून येतात हे सांगण्याइतकी सूक्ष्मता त्या उपकरणात नव्हती.

पुढचे पाऊल युद्धाच्या पार्श्वभूमीवर पडले. जेम्स हे हे इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रडारच्या कामावर होते. १९४२ साली ब्रिटिश रडार यंत्रांत आलेला व्यत्यय शत्रूने घातलेला नसून सूर्यापासून आला आहे, हे त्यांनीच ओळखले होते. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी त्याच लष्करी सामग्रीच्या साहाय्याने हंसाकडील लहरी तपासल्या. त्या लहरी स्थिर नव्हत्या. त्यांची तीव्रता थोड्या थोड्या वेळाने कमीजास्त होत होती. इतक्या त्वरेने बदलणारा उगम आकाराने लहान असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. निष्कर्ष बरोबर ठरला. कारण मात्र चुकीचे होते. ही थरथर उगमाची नसून पृथ्वीभोवतीच्या आयनांबराची आहे, हे पुढे चार-एक वर्षांत निरनिराळ्या ठिकाणांहून एकाच वेळी निरीक्षणे केल्यावर उघड झाले. तारा लुकलुकतो, ग्रह लुकलुकत नाही. कारण ताऱ्याचे बिंब आपल्याला बिंदूएवढेच दिसते. तोच न्याय येथेही लागू होता. चुकीच्या वाटेने योग्य ठिकाणी पोहोचण्याचा हा या कथेतील पहिला प्रसंग, शेवटचा नव्हे.

ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या डोव्हर हाइट्सच्या समुद्रकाठच्या कड्यावर जॉन बोल्टन आणि गॉर्डन स्टॅन्ली यांनी थेट आलेली लहर आणि समुद्रावरून परावर्तित झालेली लहर यांची सांगड घातली आणि हा उगम आठ कलांपेक्षा, म्हणजे पूर्ण चंद्रबिंबाच्या सुमारे पाव भागापेक्षा, लहान असल्याचे १९४८ साली दाखविले. त्यानंतर १९५१ साली केंब्रिजच्या ग्रॅहॅम स्मिथ यांनी त्याचे आकाशातील स्थान सुमारे एका कलेइतक्या अचूकतेने ठरविले. हे स्थान हाती पडताच कॅलिफोर्नियातील पालोमार पर्वतावर वॉल्टर बाडे यांनी तेव्हाची जगातील सर्वांत मोठी, २०० इंची, दुर्बीण त्या दिशेला वळविली. छायाचित्राच्या काचेवर त्यांना दूरच्या दीर्घिकांची एक गर्दी दिसली, आणि त्या गर्दीत एक विलक्षण आकृती : जणू दोन दीर्घिका परस्परांना भिडल्या आहेत.

दीर्घिकासमूहात दीर्घिकांच्या टकरी होत असाव्यात, असे प्रतिपादन बाडे यांनी लायमन स्पिट्झर यांच्यासह नुकतेच केले होते. आपल्याच सिद्धान्ताचे उदाहरण समोर उभे राहिले, अशी त्यांची खात्री पटली. त्यांचे सहकारी रुडॉल्फ मिंकोवस्की मात्र साशंक होते. बाडे यांनी पुढे सांगितलेली हकीकत प्रसिद्ध आहे : प्रथम हजार डॉलरांची पैज सुचविली गेली, मिंकोवस्की तितके लावावयास तयार झाले नाहीत, आणि अखेर व्हिस्कीच्या एका बाटलीवर पैज ठरली. मिंकोवस्की यांनी वर्णपट घेतला. त्यात तापलेल्या, उत्तेजित वायूच्या ठळक रेषा निघाल्या. टक्कर झाल्यास अशाच रेषा अपेक्षित होत्या. मिंकोवस्की यांनी हार मान्य केली. दोघांचा संयुक्त निबंध १९५४ साली प्रसिद्ध झाला आणि ‘हंसात दोन दीर्घिकांची टक्कर होत आहे’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांत आणि लोकप्रिय ग्रंथांत जाऊन बसले.

त्याच वर्णपटातून आणखी एक गोष्ट हाती आली. दूर जाणाऱ्या दीर्घिकेच्या वर्णपटातील रेषा तांबड्या टोकाकडे सरकतात; या सरकण्यास ताम्रसृती म्हणतात. तिच्यावरून ही दीर्घिका सेकंदाला सुमारे १७ हजार किलोमीटर या वेगाने दूर जात असल्याचे कळले. वेगावरून अंतर काढण्याचे जे प्रमाण तेव्हा वापरात होते, त्यानुसार अंतर आले सुमारे १० कोटी प्रकाशवर्षे. आज तेच अंतर ७५ कोटी मानले जाते. मोजलेला वेग बदललेला नाही. बदलली ती मोजपट्टी. गंमत अशी, की दीर्घिकांची जुनी अंतरे निदान दुप्पट करावी लागतील, हे १९५२ साली रोमच्या ज्योतिर्विदांच्या परिषदेत सांगणारे दुसरेतिसरे कोणी नसून बाडे हेच होते.

इतक्या दूरची वस्तू रेडिओ लहरींत मात्र सूर्यमालेबाहेरच्या सर्वांत प्रखर उगमांपैकी एक निघावी, याचा अर्थ काय? अर्थ असा, की ती नुसत्या रेडिओ लहरींच्या रूपाने जी ऊर्जा फेकते, ती आपल्या आकाशगंगेच्या यच्चयावत् ताऱ्यांच्या प्रकाशाच्या तोडीची, किंबहुना त्याहून अधिक आहे. रेडिओ उगम म्हणजे आकाशगंगेतलेच काही काळवंडलेले तारे असावेत, असे मत केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनी आग्रहाने मांडले होते. फ्रेड हॉइल आणि टॉमस गोल्ड यांनी १९५१ साली त्याला विरोध केला होता. डॉ. जयंत नारळीकर यांचे गुरू म्हणून हॉइल यांचे नाव मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. हंस-अ दीर्घिकेने या वादाचा निकाल राइल यांच्या विरुद्ध लावला.

या कथेत एका भारतीयाचे नाव आदराने घ्यावयास हवे. कलकत्त्याहून मँचेस्टरला गेलेले मृणालकुमार दासगुप्ता हे रॉजर जेनिसन यांच्यासमवेत जॉड्रेल बँक येथे काम करीत होते. रॉबर्ट हॅनबरी ब्राउन यांनी योजिलेल्या नव्या प्रकारच्या व्यतिकरणमापकाने, म्हणजे एकमेकांपासून दूर ठेवलेल्या दोन ग्राहकयंत्रांच्या जोडीने, त्या दोघांनी हंस-अ दीर्घिकेचा आकार मोजावयास घेतला. एक ठिपका किंवा एक चकती मिळेल अशी अपेक्षा होती. १९५३ साली प्रसिद्ध झालेले उत्तर कोणाच्याही कल्पनेत नव्हते : उगम एक नाही, दोन आहेत. जवळजवळ सारखेच दोन रेडिओ-मेघ, परस्परांपासून सुमारे दीड कला अंतरावर. आणि दृश्य दीर्घिका त्या दोहोंच्या मध्ये.

या शोधाचे मर्म लगेच उमगले नाही. टक्कर जर मध्यभागी होत असेल, तर लहरींचा मोठा भाग मध्यभागातूनच यावयास हवा. तो दोन्ही बाजूंना, दीर्घिकेच्या दृश्य सीमेच्या कितीतरी बाहेरून का यावा? प्रश्न विचारला गेला. पण त्याला तेव्हा उत्तर नव्हते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जेफ्री बर्बिज यांनी अशा रेडिओ-मेघांत साठलेल्या ऊर्जेचा हिशेब मांडला. तो आकडा इतका अवाढव्य होता, की दीर्घिकांच्या टकरीतून तो भागवणे अशक्य होऊन बसले. पैज जिंकलेला पक्ष हरला होता, आणि हरलेल्या पक्षाची शंका रास्त ठरली होती.

मग ही ऊर्जा येते कोठून? उत्तर मिळण्यास आणखी दोन दशके लागली. ज्यांचे मत या दीर्घिकेने खोटे ठरविले होते, त्याच मार्टिन राइल यांनी अनेक तबकड्या जोडून एक विशाल दुर्बीण साधण्याचे तंत्र सिद्ध केले आणि केंब्रिजहून हंस-अ दीर्घिकेचे उत्तरोत्तर अधिक सूक्ष्म नकाशे काढले. १९७४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मेघांच्या बाहेरच्या टोकांना अतितेजस्वी ठिपके आहेत, हे त्या नकाशांतून दिसले. त्याच सुमारास मार्टिन रीस, रॉजर ब्लँडफर्ड आणि पीटर श्यूअर यांनी सुचविले, की दीर्घिकेच्या केंद्रातून दोन विरुद्ध दिशांना द्रव्याचे अरुंद, अतिवेगवान झोत सतत निघत असावेत, आणि ते जेथे आदळतात तेथे हे ठिपके उजळत असावेत. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या २७ तबकड्यांच्या दुर्बिणीने १९८४ साली तो झोत प्रत्यक्ष दाखविला : केंद्रापासून मेघापर्यंत गेलेली सुतासारखी एक रेघ.

आज या दीर्घिकेचे चित्र पुष्कळ स्पष्ट झाले आहे. तिच्या केंद्रस्थानी सुमारे २५० कोटी सूर्यांइतक्या वस्तुमानाचे कृष्णविवर आहे; त्याचे मापन २००३ साली प्रसिद्ध झाले. भोवतालचे द्रव्य त्यात पडताना ऊर्जा मोकळी होते, आणि तिचा काही भाग त्या दोन झोतांच्या रूपाने बाहेर उसळतो. झोतांतील इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात. त्या गिरक्यांतूनच रेडिओ लहरी निर्माण होतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हा पसारा चार ते पाच लाख प्रकाशवर्षांचा आहे. सूर्यमालेच्या आकाराचा एक बिंदू आपल्याहून कोट्यवधी पट मोठ्या प्रदेशावर सत्ता गाजवितो, असा हा प्रकार आहे.

येथेच ही दीर्घिका समूहात राहते या गोष्टीला महत्त्व येते. दीर्घिकासमूहातील जागा रिकामी नसते. ती कोट्यवधी अंश तापमानाच्या विरळ वायूने भरलेली असते. हंस-अ दीर्घिकेचे झोत या वायूवर आदळतात, अडतात आणि तेथे त्यांची ऊर्जा साठते. मोकळ्या अवकाशात हेच झोत पसरून फिके पडले असते. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्या स्मरणार्थ ज्याला ‘चंद्रा’ हे नाव देण्यात आले, त्या १९९९ साली सोडलेल्या क्ष-किरण वेधशाळेने समूहाच्या वायूत झोतांनी कोरलेली पोकळी टिपली आहे. शेजार नसता, तर या दीर्घिकेचा आवाज इतक्या दुरून पृथ्वीवर क्वचितच ऐकू आला असता.

दूरदूरच्या तबकड्यांना एकत्र जोडण्याच्या याच विद्येची एक मोठी शाखा मराठी मुलुखात रुजली, हेही नमूद करणे उचित होईल. डॉ. गोविंद स्वरूप यांनी १९६० च्या दशकात कल्याण येथे ऑस्ट्रेलियातून आणलेल्या ३२ तबकड्यांची दुर्बीण उभारली; आणि पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण साकार झाली. तिच्या तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या प्रदेशात विखुरलेल्या आहेत.

आता या कथेचा अगदी अलीकडचा भाग. न्यू मेक्सिकोतील तीच दुर्बीण नव्या सामग्रीने अद्ययावत झाल्यावर २०१५ साली हंस-अ दीर्घिकेची पुन्हा निरीक्षणे झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की केंद्रापासून सुमारे १५०० प्रकाशवर्षांवर एक नवा, तेजस्वी रेडिओ-बिंदू दिसत आहे. तो खरोखरच ‘नवा’ आहे हे कशावरून? १९८९ ते १९९७ या काळातील त्याच दुर्बिणीच्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. त्या काढून पाहिल्या, तेव्हा त्या जागी काहीही नव्हते. आणखी एक जुनी नोंद निघाली. हवाई बेटावरील केक दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात घेतलेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चित्रांत नेमक्या त्याच जागी एक ठिपका होता. हंस-अ दीर्घिकेत विलीन झालेल्या एखाद्या लहान दीर्घिकेचा तो उरलेला गाभा असावा, असा अंदाज तेव्हाच्या संशोधकांनी लिहून ठेवला होता. दोन नोंदी एकत्र ठेवल्यावर चित्र उभे राहिले, की तो कदाचित त्या गिळलेल्या दीर्घिकेचे कृष्णविवर असेल आणि ते मधल्या काळात जागे झाले असेल. दुर्मिळ प्रकारचा एखादा अतिदीप्त ताराही असू शकेल. परंतु पहिली शक्यता अधिक मानली जाते. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी बाडे यांनी पाहिलेली ‘टक्कर’ निराळ्या, लहान रूपाने पुन्हा दारी आली. त्यांचे स्पष्टीकरण चुकले होते. त्यांची दृष्टी सर्वस्वी वाया गेली नव्हती.

श्रोतेहो, ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवात या दूरच्या दीर्घिकेचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्यास तो गैर नाही. त्याचे उत्तर या कथेच्या रचनेतच आहे. हंस-अ दीर्घिकेविषयी जे ज्ञान आज आहे, ते कोणा एका प्रतिभावंताच्या एका रात्रीचे नव्हे. रेबरचा नकाशा, हे यांची थरथरती लेखा, बाडे यांची काच, दासगुप्ता आणि जेनिसन यांचे मोजमाप, केकचे चित्र : यांतील प्रत्येक नोंद ज्या अर्थाने केली गेली, तो अर्थ पुढे पुष्कळदा बदलला. परंतु नोंद राहिली, म्हणून अर्थ बदलता आला. २००३ सालच्या एका ठिपक्याला त्याचा खरा वाचक चौदा वर्षांनी भेटला.

प्रत्येक जुन्या ग्रंथालयापुढे निर्लेखनाचा प्रश्न येतो. कपाटे भरलेली असतात, वर्गणी तुटपुंजी असते, नव्या पुस्तकांना जागा हवी असते. अशा वेळी पहिली कुऱ्हाड पडते ती जुन्या विज्ञानग्रंथांवर. ‘यातले आकडे चुकीचे आहेत’ हे कारण पुरेसे वाटते. ही अडचण खरी आहे. हंसात दोन दीर्घिका टकरत आहेत आणि त्या १० कोटी प्रकाशवर्षांवर आहेत, असे सांगणारे पुस्तक एखाद्या विद्यार्थ्याने आजचे ज्ञान म्हणून घरी नेले, तर त्याचे नुकसानच होईल. देवघेव विभागाच्या फळीवर आजचेच पुस्तक असले पाहिजे, याविषयी दुमत नसावे.

परंतु फळीवरून उतरविणे आणि रद्दीत घालणे या दोन गोष्टी एक नव्हेत. जुन्या मराठी विज्ञानग्रंथांत ‘तेजोमेघ’, ‘अभ्रिका’ हे शब्द भेटतात. ‘दीर्घिका’ हा शब्द मागाहून रुळला. एका भाषेने आकाश समजून घेण्यासाठी शब्द कसे घडविले, कोणते टाकले, कोणते ठेवले, याचा पुरावा त्या पिवळ्या पानांखेरीज अन्यत्र नाही. त्यातही महाराष्ट्राबाहेरच्या मराठी ग्रंथालयांची जबाबदारी अधिक जोखमीची आहे. कारण तेथील एखादी प्रत ही कित्येकदा त्या प्रदेशातली अखेरची मराठी प्रत असते. अशा पुस्तकासाठी एक निराळे कपाट, प्रकाशनवर्षाची ठळक नोंद, आणि ‘हे मत पुढे बदलले’ अशी एक चिठ्ठी एवढी तरतूद पुरेशी आहे. तिला खर्च थोडा आणि निश्चय अधिक लागतो.

हंस-अ दीर्घिकेच्या केंद्राजवळचा तो नवा बिंदू नक्की काय आहे, हे पुढील निरीक्षणे ठरवतील. ते ठरविणाऱ्याला आजच्या नोंदींची गरज पडेल, जशी आजच्याला कालच्यांची पडली. हे ग्रंथालय दुसऱ्या शतकात पाऊल टाकीत असताना, त्याच्या दाखलवहीतील जुने क्रमांक आणि त्या क्रमांकांची पुस्तके, चुकांसह, जागच्या जागी सापडावीत, एवढीच या प्रसंगी अपेक्षा.